पेन्सिलीचं काम

संग्रहालयाच्या पहारेकऱ्यानं दोनदा सांगूनही आजींनी काचेवरचं नाक काढलं नाही. चष्मा कपाळावर चढवलेला, डावा डोळा मिटलेला आणि उजवा डोळा भिंतीवरच्या फोटोतल्या एका तरुण माणसाच्या गालावर खिळलेला.

"आजी, काचेला हात लावू नका. मागे व्हा जरा."

"हात कुठे लावलाय? नाक लावलंय," आजी म्हणाल्या. "आणि हा फोटो तुझ्या जन्माआधी माझ्या बोटांखालून गेलाय. मला कसला मागे करतोस!"

पहारेकऱ्यानं मदतीसाठी सुनेकडे बघितलं. सून हसली आणि आपला काही इलाज चालत नाही अशा अर्थानं तिनं हात हलवला. गेली बावीस वर्षं ती या बाईंच्या घरात राहत होती.

आजी त्या फोटोत स्वतःचा हात शोधत होत्या. तळहाताएवढ्या फिल्मवर केलेलं काम इथे आरशाएवढं मोठं करून टांगलेलं. कुठेतरी पेन्सिलीची एखादी रेघ, एखादा ठिपका उघडा पडला असेल, अशी त्यांना सकाळपासून धास्ती होती. त्यांनी कपाळ बघितलं, डोळ्यांखाली बघितलं, ओठांच्या कडा बघितल्या. कुठे म्हणून काही नाही. मग त्यांनी चष्मा नाकावर उतरवला आणि त्या ताठ उभ्या राहिल्या. एकोणऐंशीव्या वर्षी एवढं ताठ उभं राहायला आतून काहीतरी लागतं, आणि ते त्या घटकेला त्यांच्याकडे भरपूर होतं.

"कळत नाही बघ," त्या सुनेला म्हणाल्या. "अजूनही कळत नाही!"

"काय कळत नाही, आई?"

"मी काय केलंय ते."

आजींच्या नवऱ्याचा बाजाराच्या कोपऱ्यावर स्टुडिओ होता. फोटो काढायचा तो आणि माणसं देखणी करायच्या त्या. फिल्मवर राळेचा पातळ हात फिरवायचा, म्हणजे पेन्सिल धरते. मग सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं बारीक बारीक ठिपके भरत जायचं; निगेटिव्हवर काळं भरलं, की फोटोत ती जागा उजळ येते. तीळ गेला, मुरूम गेला, देवीचे वण गेले, जागरणाची काळी वर्तुळं गेली. या कामाला धंद्यात टचिंग म्हणत, आणि टचिंगमध्ये आजींचा हात धरणारं त्या शहरात कोणी नव्हतं. एकदा एक गृहस्थ फोटो घेऊन भांडायला आले, की हा माझा नव्हेच, दुसऱ्या कुणाचा तरी दिलात. बायकोनं घरी त्यांना काय सांगितलं कोण जाणे, दुसऱ्या दिवशी येऊन त्याच फोटोच्या आणखी दोन प्रती घेऊन गेले. फोटोच्या मागे शिक्का मात्र नवऱ्याच्या नावाचा. टचिंग करणाऱ्याचं नाव कुठेच नसायचं. आजींना ते तेव्हाही खटकायचं, आणि खटकतं असं त्या तेव्हाही बोलून दाखवायच्या. नवरा म्हणायचा, "नाव घातलं, की टचिंग केलंय हे कळेल ना!"

संग्रहालय होतं ती इमारत म्हणजे पूर्वीचं पार्सलांचं गोदाम. लष्कराच्या राजवटीच्या अकरा वर्षांत इथे पार्सलांऐवजी माणसं आणली गेली. आणलेल्या प्रत्येकाचा, गळ्यात नंबराची पाटी अडकवून, फोटो काढला जाई. ते काम आजींच्या नवऱ्याच्या स्टुडिओकडे आलं. आलं म्हणजे एक जीप आली, एक साहेब उतरला आणि त्यानं काम सांगितलं. बाहेरच्या देशांचे तपासनीस येतात, त्यांना हे फोटो दाखवायचे असतात, चेहरे स्वच्छ हवेत, एवढंच तो बोलला. इथे आलेले बहुतेक लोक परत गेले नाहीत. पंचेचाळीस वर्षांनी भिंतीतल्या एका बंद कपाटात निगेटिव्ह सापडल्या. चारशे बारा. त्यांवरून केलेले फोटो आता भिंतीवर होते आणि दहा दिवसांनी उद्घाटन होतं.

"आजी, कसं वाटतंय?" मागून संग्रहालयाची प्रमुख आली. पस्तिशीची, केस आखूड कापलेली, चप्पल फटफटवत चालणारी बाई. इथे सगळे तिला मॅडम म्हणत. "ह्या भिंतीसमोर आलं की माणसं गप्प होतात. माझ्या कामाचं चीज झालं तर ह्या भिंतीपाशीच होईल. बघा ना, एवढ्या छळातून जाऊनही कसे शांत बघतायत! मी तर तेच लिहिलंय वर."

वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : त्यांनी मान खाली घातली नाही.

"आता जुने निवृत्त साहेब पत्रं पाठवतात मला," मॅडम म्हणाली. "म्हणे, छळ कसला? बघा फोटो, एक ओरखडा तरी दिसतोय का? डोकं फिरतं माझं. पण जाऊ द्या. इथे खाली पितळी पाटी बसेल. तुमच्या स्टुडिओचं नाव, आजोबांचं नाव, ठळक. आणि उद्घाटनाला तुम्ही पहिल्या रांगेत."

सुनेचा चेहरा उजळला. आजी ओरखड्याच्या वाक्यापाशीच अडकल्या होत्या. मग त्या सावकाश भिंतीच्या टोकाकडे चालत गेल्या.

टोकाला सगळ्यात खालची ओळ होती. एकोणीस फोटो, आणि प्रत्येकाखाली एकच मजकूर : ओळख पटलेली नाही. त्या ओळीसमोर पन्नाशी उलटलेली एक बाई गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभी होती. एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर जात होती, शेवटपर्यंत पोचली की पुन्हा पहिल्यापासून. आजींची चाहूल लागल्यावर तिनं वर बघितलं.

"तुमचं कोण आहे ह्यात, मावशी?"

"माझं कोणी नाही. फोटो आमच्या स्टुडिओतले."

"अगंबाई!" ती बाई सरळ झाली. तिनं आजींचा दंडच धरला. "मग तुम्ही बघितलेत हे सगळे! माझा भाऊ आठवतो का बघा. छापखान्यात अक्षरं जुळवायचा. चोवीस वर्षांचा. ह्या गालावर, इथे, शर्टाच्या बटणाएवढा काळा डाग, जन्माचाच. सगळे त्याला बटण म्हणायचे. आईसुद्धा चिडली की तेच म्हणायची."

आजींची नजर तिच्या गालावरच्या बोटावर होती.

"मी नऊ वर्षांची होते हो. घरातले सगळे फोटो ते लोक घेऊन गेले. आता मला चेहरा आठवत नाही त्याचा, खरं सांगते. आठवतं ते फक्त बटण. मी त्याच्या मांडीवर बसून ते दाबायचे, आणि दाबलं की तो जीभ बाहेर काढायचा." ती हसली. "दर गुरुवारी येते मी. मॅडम चांगल्या आहेत, उघडायच्या आधीपासून येऊ देतात. पण कुणाच्याच गालावर नाही. सरकारी कार्यालयातही तेच म्हणाले, की खूण जुळत नाही, म्हणजे तो इथे आणलाच नव्हता. पळून गेला असेल कुठेतरी. आई मरेपर्यंत दाराला कडी लावू द्यायची नाही, पळून गेलेला परत येईल म्हणून."

आजींनी त्या एकोणीस चेहऱ्यांकडे बघितलं. एकोणीस स्वच्छ चेहरे. तीळ नाही, वण नाही, डाग नाही. आपलं काम इतकं चोख, की त्यात एक बटण राहायला जागा नव्हती.

बसमध्ये सून अखंड बोलत होती. माहेरच्या सगळ्यांना उद्घाटनाचं सांगून झालं होतं, मावसबहिणीनं आधी विश्वासच ठेवला नाही, मग तिची कशी जिरली, वगैरे. घरी येऊन चहा पुढे आला तरी आजींनी कपाला हात लावला नाही.

"मी त्या मॅडमला सांगणार आहे," त्या म्हणाल्या.

"काय सांगणार?"

"की ते चेहरे मी पुसलेत. मार होता त्यांच्यावर. सुजलेले डोळे, फुटलेले ओठ. सगळं भरून काढलं मी. आणि त्या बाईच्या भावाचा डागही भरला असणार."

सुनेनं स्वतःचा कप खाली ठेवला. ती वाईट बाई नव्हती. घाबरली होती.

"आई, अहो, कुठे उकरून काढताय? बाबांचं नाव पितळेत कोरतायत. आपल्या घराचा एवढा मान कधी झाला होता? तुम्ही तोंड उघडलंत की लोक म्हणतील, हे तर त्या साहेबांचे हुजरे. नातीला कॉलेजात कोणी काही बोललं तर? आणि तुम्ही काय करणार होतात? नाही म्हणाला असतात तर तुम्हाला पण त्या गोदामात नेलं असतं."

"नेलं असतं की नाही, मला ठाऊक नाही. नाही म्हणून बघितलंच कुठे!"

"त्या बाईला खात्री तरी आहे का, तो त्यातच आहे म्हणून?"

"तिला नाही. मला तरी कुठे आहे? पण मला बघता येईल."

"आणि नसला तर? मान गेला आणि माणूसही नाही मिळाला!"

हे मात्र खरं होतं. चहावर साय धरली. मग आजी उठल्या आणि माळ्यावरचं जुनं टचिंगचं टेबल काढायला शेजारच्या सुताराला हाक मारून आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कार्यालय उघडायच्या आधीच, सासू-सुना मॅडमच्या दारात उभ्या होत्या. सून सोबत आली होती, पण तोंड फुगवून.

आजींचं ऐकून घेतल्यावर मॅडम आधी चक्क हसली. तिला वाटलं, म्हातारपणी माणसं आपल्याला उगाच दोष लावून घेतात, तसलं काहीतरी असेल.

"आजी, आम्ही प्रत्येक निगेटिव्ह मशीनवर घातलीय. काही असतं तर दिसलं असतं."

"दिसायला नको, म्हणूनच केलं होतं ते. एक आण बघू इकडे."

"मूळ निगेटिव्हला कुणी हात लावायचा नाही, असा नियम आहे. मीसुद्धा हातमोजे घालते."

"मी पंचेचाळीस वर्षांपूर्वीच लावून ठेवलाय हात. तू धर. मी नुसतं सांगते कशी धरायची."

मॅडमनं एकोणीसांतली एक फिल्म आणली. आजींनी तिचं मनगट धरून फिल्म खिडकीच्या उजेडात आडवी केली, मग तिरकी, मग आणखी थोडी तिरकी. एकदम त्या गुळगुळीत चेहऱ्यावर शिशाची चकाकी उमटली. एका डोळ्याभोवती दाट, ओठावर दाट, कानाजवळ एक मोठा पट्टा. हजारो ठिपके, इतके बारीक, की मॅडमनं भिंग लावल्यावरच ते सुटे सुटे झाले.

मॅडम खुर्चीत बसली. भिंग तिच्या हातात तसंच राहिलं.

"एवढं सगळं?" ती म्हणाली.

"एका चेहऱ्याला दीड दिवस जायचा," आजी म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात नको असतानाही थोडा ताठा आला. तो त्यांचा त्यांनाच ऐकू आला आणि त्यांनी मान दुसरीकडे फिरवली.

"काढता येईल?"

"टर्पेंटाइनचा बोळा फिरवला की निघतं. खालची फिल्म तशीच राहते."

मॅडमनं समितीला फोन केले. समितीतल्या एकानं अहवाल मागितला, दुसऱ्यानं उद्घाटनानंतर बघू म्हटलं, तिसरा फोनच उचलेना. पाच-सहा दिवस असे गेले. मग पुन्हा गुरुवार आला. ती बाई नेहमीसारखी आली, वाकून एकोणीस चेहरे बघून गेली, आणि मॅडमनं ते खिडकीतून पाहिलं. दुपारी तिनं स्वतःच्या सहीनं परवानगीचा कागद केला. नोकरी गेली तर गेली, असं ती सुनेला म्हणाली. सुनेनं पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं.

टेबल संग्रहालयातल्या वरच्या खोलीत खिडकीशी लागलं. उतरती पाठ, मधे दुधी काच, खाली आरसा. खिडकीतला उजेड आरशावरून काचेवर यायचा आणि फिल्म खालून उजळायची. मॅडमनं आधी प्रत्येक फिल्मचे जशी आहे तशी दोन्ही बाजूंनी फोटो काढून घेतले. मग आजी बसल्या. कापसाचा बोळा, टर्पेंटाइनचे चार थेंब. खोलीभर वास पसरला. सुनेला वाटलं, आता म्हातारीचा हात थरथरणार. हात जागचा हलला नाही.

करडा मळ कापसावर आला. आजींना निगेटिव्ह वाचायला मशीन लागत नव्हतं. उलटा चेहरा त्यांना सुलटा दिसायचा. पहिल्या माणसाचं नाक मोडलेलं होतं. दुसऱ्याच्या कपाळावर खोक. तिसऱ्याला फारसं काही नव्हतं, हनुवटीवर कापल्याची जुनी खूण होती, दाढी करताना झालेली असावी. तीही आजींनी भरली होती. चौथा, पाचवा. प्रत्येक वेळी सून पुढे वाकून विचारायची, "आहे?" आणि आजी मान हलवायच्या. सुनेच्या तोंडाचा फुगा केव्हाच उतरला होता.

सातव्या फिल्मवर बोळा थांबला.

"मशीनवर घाल," आजी म्हणाल्या.

पडद्यावर चेहरा आला. डाव्या डोळ्याभोवती काळीनिळी सूज. खालचा ओठ फुटलेला. आणि गालाच्या हाडाखाली, अगदी गोल, शर्टाच्या बटणाएवढा काळा डाग. त्या डोळ्यांनी तो तरुण सरळ कॅमेऱ्यात बघत होता, असा, की फोटो काढणाऱ्यानंच नजर खाली घ्यावी. भिंतीवरच्या फोटोत तो नुसता शांत दिसायचा. इथे त्याला काय काय करून झालं होतं ते दिसत होतं, आणि तरीही त्यानं मान खाली घातलेली नव्हती.

"मी लिहिलं होतं ते खरं होतं," मॅडम हळूच म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मला ते कळलंच नव्हतं." मग ती एकदम आजींकडे वळली. "आजी, मी वाचलंय, बाकीचे लोक हे काम शाईनं करत. शाई फिल्ममध्ये मुरते, निघत नाही. तुम्ही पेन्सिल वापरलीत. म्हणून तर आज हे परत मिळालं! तुम्ही मुद्दाम..."

"हो ना!" सून उसळून म्हणाली. "आईंनी मुद्दामच पेन्सिल घेतली असणार! साहेबांच्या नाकावर टिच्चून! आई, तुम्ही आम्हाला कधी बोलला नाहीत!"

दोघी त्यांच्याकडे बघत होत्या. दोघींच्या चेहऱ्यांवर इतका अभिमान होता, की नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पाटीही राहिली असती, पहिली रांगही राहिली असती, आणि वर आणखी बरंच काही मिळालं असतं. आजींनी बोळा बशीत ठेवला.

"नाही," त्या म्हणाल्या. "मुद्दाम बिद्दाम काही नाही. शाईनं कुणीही करतं. पेन्सिलीचं काम शहरात मला एकटीलाच असं यायचं, म्हणून मी पेन्सिल घेतली. ऐट म्हणून. माझ्या तोंडावर आता तुम्ही टचिंग करू नका."

ती बाई संध्याकाळच्या आत आली. निरोप मिळाल्याबरोबर दुकानातून तशीच निघाली होती, गळ्यात शिवणकामाची मोजपट्टी लोंबत होती. मॅडमनं तिला सावकाश सांगितलं, आधीच सांगितलं, की मारलेलं आहे, बघवणार नाही. बाईनं मान डोलावली आणि ती पडद्यासमोर उभी राहिली.

मग तिनं हात वर केला आणि पडद्यावरच्या डागावर बोट ठेवलं. थोडं दाबलं.

"बटण," ती म्हणाली.

सुनेनं खुर्ची पुढे केली; बाई बसली नाही. रडलीही नाही लगेच. तिनं मॅडमला विचारलं, "नाव आज लिहाल ना खाली? उद्यावर नको." मॅडम हो म्हणाली आणि तिथेच कागद घेऊन नाव लिहायला बसली. बाईनं ते लिहून होईस्तोवर बघितलं. मग ती आजींकडे वळली.

"तुम्ही पुसलं होतंत?"

"हो. मीच."

"मारलं होतं ते दिसत होतं तुम्हाला."

"दिसत होतं."

"ते पुसलंत, एक वेळ समजते मी. तुम्हाला तसं सांगितलं होतं. भीती असणार. पण हे कशाला पुसलंत?" तिचं बोट अजून डागाकडे होतं. "हे कुणी सांगितलं होतं? हे तर त्याचं होतं. आईनं दिलेलं."

उत्तर आजींकडे होतं, ते त्यांनी दिलं.

"सवय," त्या म्हणाल्या. "चेहऱ्यावर डाग ठेवायचा नाही, ही सवय होती. त्याला मी बघितलंच नाही. नुसता गाल बघितला."

बाईचा चेहरा पिळवटला. तोंडावर हात दाबून ती बाहेर गेली आणि जिन्यात तिच्या रडण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. सून तिच्यामागे गेली. आजी टेबलाशी बसून राहिल्या. त्यांच्या गालांवरून पाणी येत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

"पाटी," थोड्या वेळानं त्या मॅडमला म्हणाल्या.

"पाटी आता नकोच बसवायला. मी सांगते समितीला."

"बसवायची. ह्यांचं नाव आहे तसं राहू दे, फोटो काढणारे म्हणून. त्याखाली माझं घाल. तेवढ्याच अक्षरांत. चेहऱ्यांवरचा मार आणि जन्मखुणा पुसणारी, असं लिही आणि मग नाव. पूर्ण नाव, नवऱ्याचं मधलं धरून."

"आजी, लोक थुंकतील त्यावर."

"धुऊन काढता येतं पितळ," आजी म्हणाल्या. "आयुष्यभर नाव घाला म्हणून भांडले मी. आता घालायची पाळी आली तर मागे हटू?"

उद्घाटनाच्या दिवशी खाली अंगणातल्या मांडवात भाषणं चालली होती. भिंतीवर त्या एकोणीसांतले तेरा आता मार दाखवत होते, प्रत्येकाशेजारी त्याचाच पुसलेला चेहरा. तिघांना नावं मिळाली होती. सून माहेरच्या सगळ्या मंडळींना घेऊन पाटीसमोर उभी होती. मावसबहीण काहीतरी कुजबुजली, तेव्हा सून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हो, आमच्याच सासूबाई. स्वतः सांगून घालायला लावलंय नाव. आहे तुमच्यात कुणाची छाती?" आणि मावसबहीण पाटीकडे बघत राहिली.

पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी होती. आजी वरच्या खोलीत खिडकीशी होत्या, आणि दिवसाचा उजेड चांगला असल्यामुळे काम सुरू होतं. दार उघडंच होतं. कोणीतरी येऊन उंबऱ्यात थांबलं, म्हणून त्यांनी मान वर केली.

बटणची बहीण होती. तिनं चांगले कपडे घातले होते आणि छातीवर नातेवाइकांना दिलेला बिल्ला होता. आजी उठायला लागल्या.

"बसा," ती म्हणाली. "पाटी वाचली मी खाली."

आजी बसल्या.

"आम्हाला स्टेजवर बोलावलं होतं. मी नाही गेले. आई असती तर गेली असती, मिरवली असती." ती आत आली आणि तिनं टेबलावरच्या फिल्मकडे बघितलं. "हा कोण?"

"माहीत नाही अजून."

"किती राहिलेत असे?"

"ह्या ओळीतले सहा. शिवाय ज्यांना नावं आहेत ते तीनशे त्र्याण्णव. दिवसाला चार-पाच होतात. पुरेन मी बहुतेक."

बाईनं आजींच्या हाताकडे बराच वेळ बघितलं. हात फिल्मवर स्थिर होता, बोळा दोन बोटांत. खाली टाळ्या वाजल्या.

"मी काही माफबिफ केलेलं नाही तुम्हाला," ती म्हणाली.

"नका करू."

"आईसाठी तर मुळीच नाही."

"बरोबर आहे."

बाईनं भिंतीकडचं स्टूल ओढलं, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला ठेवलं, आणि बसली. कापसाची गुंडाळी तिनं मांडीवर घेतली. शिवणकाम करणाऱ्या बोटांनी तिनं एक बोळा तोडला, वळला, बशीच्या कडेला ठेवला आणि लगेच दुसरा घेतला.

"थांबलात कशाला?" ती म्हणाली. "त्याचंही कुणीतरी वाट बघत असेल."